हार तयार ठेवला आहे : मराठीच्या प्राश्निक, नियामक आणि परीक्षकांना खुलं पत्र

दहावीच्या मराठीची कृतिपत्रिका, म्हणजे कृतींच्या स्वरूपातली प्रश्नपत्रिका, काढणाऱ्या, ती तपासून पक्की करणाऱ्या आणि उत्तरपत्रिका तपासणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांनो,

सप्रेम नमस्कार.

लासलगावच्या कांदा बाजारापासून फार लांब नसलेल्या एका माध्यमिक शाळेत मी नववी-दहावीला मराठी शिकवतो. दहावीच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बरीच वर्षं तपासले आहेत, त्यामुळे आपल्यापैकी काहींशी कामाच्या निमित्ताने ओळखही असेल. हे पत्र एका घटक चाचणीमुळे लिहितो आहे.

त्या चाचणीचा अपठित उतारा मी स्वतः लिहिला होता. पुस्तकातला किंवा गाईडमधला उतारा दिला की मुलांना उत्तरं आधीच कुठेतरी सापडलेली असतात, म्हणून. उतारा असा होता : ‘यंदा आमच्या गावाला रस्ता मिळाला. उद्घाटनाला साहेब आले. फीत कापली, नारळ फुटला, टाळ्या झाल्या. पहिल्या पावसात रस्ताही फुटला. आता तो दुरुस्त होणार आहे म्हणे. साहेब पुन्हा येतील. आम्ही हार तयार ठेवला आहे.’

खाली दोन प्रश्न. रस्ता केव्हा फुटला? आणि, गावकऱ्यांच्या मनात कोणती भावना आहे, ती कशावरून कळते?

पहिल्याचं उत्तर सगळ्यांचं बरोबर. दुसऱ्याला जवळजवळ सगळ्या वर्गाने लिहिलं होतं, ‘गावकरी साहेबांच्या स्वागतास उत्सुक आहेत, कारण त्यांनी हार तयार ठेवला आहे.’ शुद्धलेखन ठीक, अक्षर वळणदार, उताऱ्यातलं वाक्य पेन्सिलीने अधोरेखित केलेलं. वर्गातल्या हुशार मुलींनी तर ‘उत्सुक’च्या जोडीला ‘आतुर’ही लिहिलं होतं.

मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो चाचणीत जेमतेम पास होतो, त्याने मात्र एकच ओळ लिहिली होती, ‘गावकरी टोमणा मारतात.’ कारणाची जागा कोरी. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्याला विचारलं, तुला कसं कळलं रे? तो आधी गप्प राहिला. काही चुकलं की काय, असं त्याला वाटलं असावं. मग म्हणाला, ‘सर, फुटला दोनदा आलंय ना. आधी नारळ, मग रस्ता. आणि ते म्हणे.’

मला त्या उत्तराने हलवलं. त्याने कारण लिहिलं नव्हतं, कारण ‘फुटला दोनदा आलं’ हे परीक्षेत लिहायचं उत्तर असू शकतं, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मीही नाही. मी वर्षानुवर्षं सांगत आलो होतो, ‘घाबरू नका, उत्तर उताऱ्यातच असतं, ते शोधा आणि खाली रेघ मारा.’ स्वागताला उत्सुक गावकरी ज्यांनी लिहिले, ती मुलं माझंच ऐकत होती.

मित्रांनो, या मुलांना सूर कळत नाही असं कुणी म्हणत असेल, तर त्याने एकदा त्यांच्या घरी संध्याकाळी जाऊन बसावं. दिवे लागल्यावर पोरगं खेळून परत येतं आणि आई ओट्याशी पाठमोरी उभी राहून म्हणते, ‘या, महाराज. जेवूनच आलात का?’ त्या शब्दांत राग असा कुठेच नाही. उलट आदर आहे, विचारपूस आहे. तरी नऊ वर्षांचं पोर चप्पल आवाज न करता काढतं. आपली आई आपल्याला कधी ‘आलात’ म्हणत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. नेहमीचं बोलणं आणि आत्ताचं बोलणं यांत फरक पडला की तिथे काहीतरी आहे, हा भाषेतला केवढा मोठा धडा त्याने शाळेच्या आधी शिकलेला असतो. आणि आपल्याकडे दहा वर्षं मराठी शिकून तेच पोर कागदावरचा हार बघून स्वागताची वाट बघतं.

कागदावर आवाज नसतो, भुवई नसते, पाठमोरं उभं राहणं नसतं, हे खरं. पण त्या सगळ्याच्या खुणा शब्दांत उरतात, आणि मराठीत तर त्या फार ठळक उरतात. ‘म्हणे’ हा एकच शब्द घ्या. ‘रस्ता दुरुस्त होणार आहे’ ही माहिती झाली. ‘रस्ता दुरुस्त होणार आहे म्हणे’ असं म्हटलं की बोलणाऱ्याने त्या माहितीतून आपलं अंग काढून घेतलं. त्याचा त्यावर विश्वास नाही, आणि विश्वास नाही हे तो उघड बोलतही नाही. दोन-अडीच अक्षरांत एवढं होतं. ‘तू येणार’, ‘तूच येणार’, ‘तूही येणार’, ‘तू तर येणार’ यांचं व्याकरण मी शिकवतो, पण यातलं कुठलं वाक्य कोण कुणाला कधी म्हणेल, हे विचारत नव्हतो. आता विचारतो. परवा ‘तू तर येणारच’ हे वाक्य वर्गाने पाच सुरांत वाचलं. लाडाने, वैतागून, खात्रीने, चिडवत, आणि एका मुलीने अशा थंड आवाजात की वर्ग एकदम शांत झाला. मग फळ्यावर प्रश्न लिहिला, आता हेच वाक्य कागदावर असेल तर यातला कोणता सूर आहे ते कशावरून ठरवाल? ‘मागचं-पुढचं वाक्य बघून’, सगळे एकदम बोलले. अपठित उताऱ्याच्या आकलनाची व्याख्या मी याहून चांगली करू शकलो नसतो.

कृतिपत्रिका आली तेव्हा मी तिचं मनापासून स्वागत केलं होतं, आजही करतो. पाठांतराची वीट रचून ठेवायची आणि परीक्षेत उतरवायची, हा प्रकार तिने बराच कमी केला. ‘स्वमत’ आलं, ‘अभिव्यक्ती’ आली. पण चौकटी पूर्ण करा, आकृतिबंध पूर्ण करा, कोण कोणास म्हणाले, कारणे शोधा, या कृतींतली फार मोठी रास अशी असते की उताऱ्यातलं वाक्य उचलून चौकटीत ठेवलं की गुण मिळतो. लेखक काय सांगतो ते मुलाला टिपता येतं. तो ते का सांगतो आणि कशा आवाजात सांगतो, हे विचारलंच जात नाही. विचारलं तर ‘संदेश’ या नावाने विचारलं जातं.

त्या शब्दाविषयी जरा सविस्तर बोलतो, कारण माझं खरं दुखणं तिथे आहे. कवितेवरच्या मुद्द्यांच्या यादीत ‘कवितेतून मिळणारा संदेश’ असतो. वाईट हेतूने कुणी घातलेला नाही. पण त्याचं वर्गात काय होतं ते सांगतो. पोरं कविता वाचण्याआधी संदेश शोधतात. निसर्गाची कविता असेल तर ‘निसर्गावर प्रेम करावे’, आईची असेल तर ‘आईवडिलांचा आदर करावा’, कष्टकऱ्याची असेल तर ‘श्रमाला प्रतिष्ठा द्यावी’. तीनचार सुविचार पाठ केले की कुठल्याही कवितेला लावता येतात. एखादी कविता नुसती रडत असेल, तिला कुणाला काही शिकवायचंच नसेल, तरी मूल तिच्या तोंडी उपदेश घालतं. एखादी कविता रागावलेली असेल, तिचा राग ज्यांच्यावर आहे त्यांच्यात आपणही येत असू, तरी उत्तर येतं, ‘सर्वांनी मिळूनमिसळून राहावे.’ रागाचं असं गुळमट पाणी झालेलं उत्तर नमुना उत्तराशी जुळतं म्हणून मी स्वतः पूर्ण गुण दिलेले आहेत.

त्याच यादीत ‘कविता आवडण्याची वा न आवडण्याची कारणे’ हाही मुद्दा आहे, आणि तो फार चांगला आहे. ‘न आवडण्याची’ हा शब्द ज्याने घातला त्याचे मी आभार मानतो. मात्र इतक्या वर्षांत मला न आवडल्याचं कारण लिहिणारी उत्तरपत्रिका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच भेटली. मुलांना वाटतं तो सापळा आहे.

सुराची नावं हाही एक अडसर आहे. उपरोध, उपहास, व्यंग, वक्रोक्ती हे शब्द मुलं गाईडमधून व्याख्येसकट पाठ करतात आणि त्यातला फरक त्यांना सांगता येत नाही. खरं सांगायचं तर शिक्षकांच्या खोलीतही त्यावर वाद होतात. पण या मुलांच्या तोंडी सुरांच्या नावांची केवढी श्रीमंती आहे बघा. टोमणा, खोचक बोलणं, चिडवणं, डिवचणं, दटावणी, आर्जव, लाडीगोडी, मनधरणी, समजूत, कळवळा, तळतळाट, चडफड, हेटाळणी, कौतुक, गूळ लावणं, मोठेपणा मिरवणं, मिश्कीलपणा, तुटकपणा. टोमणा आणि चिडवणं यांतला फरक विचारा, लगेच सांगतील. चिडवणारा आपल्याशी भांडण धरून नसतो, टोमणा मारणाऱ्याच्या मनात काहीतरी साचलेलं असतं. ही सूक्ष्म समज आहे. त्या मुलाने ‘टोमणा’ लिहिलं आणि नमुना उत्तरात ‘उपरोध’ असेल, तर किती परीक्षक पूर्ण गुण देतील? मला खात्री वाटत नाही. पहिली विनंती म्हणूनच ही की ‘टोमणा’ हे बरोबर उत्तर मानावं. बोलीतला शब्द नेमका असेल तर तो नेमकाच आहे.

आता वर्तमानपत्र. आमच्याकडे घरोघरी कांदा आहे, म्हणून मी कांद्यापासून सुरुवात करतो. फळ्यावर एक मथळा लिहिला, माझाच, पण रोज दिसतो त्या वळणाचा : ‘कांद्याने पुन्हा रडवले.’ विचारलं, कोण रडलं? वर्गातून उत्तर आलं, ‘आम्ही.’ भाव पडला असेल. बरं, म्हटलं, हाच मथळा मुंबईच्या पानावर असेल तर? जरा वेळ गेला. मग एक मुलगी म्हणाली, ‘मग भाव चढला असेल.’ तेच तीन शब्द, एका ठिकाणी भाव पडलेला, दुसऱ्या ठिकाणी चढलेला. लिहिणारा कुणाच्या अंगणात उभा राहून लिहितो आहे, हे त्या तीन शब्दांत कुठेही लिहिलेलं नाही, आणि तरी ते कळल्याशिवाय मथळ्याचा अर्थच लागत नाही. 8 डिसेंबर 2023 पासून केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली, तेव्हा या वर्गातल्या बऱ्याच घरांत कांदाचाळीत माल होता किंवा शेतात उभा होता. ‘दिलासा’ हा शब्द त्या दिवसांत कुणी कुणासाठी वापरला, हे मुलांना समजावून सांगावं लागलं नाही.

मग आम्ही छोट्या शब्दांकडे वळलो. ‘अवघे 200 रुपये’ आणि ‘तब्बल 200 रुपये’. आकडा तोच, पण पहिल्यात लेखकाला ते कमी वाटावेत असं वाटतं आणि दुसऱ्यात जास्त. ‘पोलिसांनी लाठीमार केला’ आणि ‘पोलिसांना लाठीमार करावा लागला’. दुसऱ्या वाक्यात बातमीदार लाठीच्या कुठल्या बाजूला उभा आहे? ‘अध्यक्षांनी सांगितले’, ‘अध्यक्षांनी दावा केला’, ‘अध्यक्षांनी कबूल केले’. तिन्हींत अध्यक्ष कदाचित एकच वाक्य बोलले असतील. ‘चूक केली’ आणि ‘चूक झाली’. यातल्या दुसऱ्यात चूक करणारा माणूस वाक्यातून निघून गेला. वर्गातल्या मुलांनी आठवडाभर वर्तमानपत्रं चाळून अशी वाक्यं वहीत उतरवली. घरी वर्तमानपत्र येत नाही अशी मुलं दुकानात सामान बांधून आलेला कागद घेऊन आली, तोही चालला.

त्या वहीत एका मुलीने जे लिहिलं ते तिच्याच शब्दांत सांगतो. ‘सर, बातमीत साहेबांना ते म्हणतात आणि ट्रॅक्टरवरच्या माणसाला तो म्हणतात. अटक झाली की साहेबांचाही तो होतो.’ मराठीच्या क्रियापदात आदर आणि अनादर मुरलेला आहे. कर्ता कोण, एवढ्यावर क्रियापद ठरत नाही. त्याची लिहिणाऱ्याच्या मनात जागा कोणती, यावर ठरतं. तिचे वडील ट्रॅक्टर चालवतात. त्या दिवशी ती व्याकरण शिकत होती की आणखी काही, मला वेगळं करून सांगता येणार नाही.

हे सगळं ‘पुस्तकाबाहेरचं’ आहे असं कुणाला वाटेल, म्हणून आपल्याच भाषेच्या इतिहासातली गोष्ट सांगतो. 1897 साली, रँडच्या वधानंतर पुण्यात सरकारने जी कडक पावलं उचलली त्यावर ‘केसरी’त टिळकांनी अग्रलेख लिहिला, ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ वर्गात विचारा, हे कोणत्या प्रकारचं वाक्य? ‘प्रश्नार्थी’, शंभर टक्के बरोबर. या प्रश्नाचं उत्तर कुणी द्यावं अशी अपेक्षा आहे का? इथे मुलं हसतात, आणि त्या हसण्यात आकलन असतं. प्रश्नचिन्ह असूनही ते विचारणं नाही, ठणकावणं आहे.

पुढे 1908 मध्ये ‘देशाचे दुर्दैव’ आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ या लेखांवरून टिळकांवर मुंबई उच्च न्यायालयात राजद्रोहाचा खटला चालला. त्या खटल्याकडे मी मराठीचा शिक्षक म्हणून बघतो तेव्हा मला तो वाचनाचा खटला दिसतो. लेख लिहिले होते हे टिळक नाकारतच नव्हते. वाद होता तो त्यांचा हेतू काय आणि सूर कसला याचा. राजद्रोहाच्या कलम 124-अ मध्ये सरकारविषयी द्वेष, तिरस्कार, अप्रीती उत्पन्न करणं हा गुन्हा होता, पण तसं न करता सरकारी उपायांविषयी नापसंती व्यक्त करणं हा गुन्हा नव्हता, तसा खुलासा कलमातच होता. म्हणजे वाक्य नापसंतीचं की द्वेषाचं, एवढ्यावर सगळं. आणि ज्युरीत सात युरोपियन आणि दोन पारशी. त्यांच्यापुढे होतं ते लेखांचं इंग्रजी भाषांतर. टिळकांनी सरकारी भाषांतरकाराची उलटतपासणी घेतली ती शब्दांवरून, मूळ मराठी शब्दाला ही छटा आहे का, हा अर्थ कुठून आला, असं विचारत. स्वतःच्या बचावात ते एकवीस तासांहून अधिक बोलले. 22 जुलै 1908 रोजी ज्युरीने सात विरुद्ध दोन असा कौल दिला आणि न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली. टिळक मंडालेला गेले.

‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ हे शीर्षक मुलांसमोर मी नुसतं ठेवतो. आरडाओरडा नाही, शिवी नाही, उद्गारचिन्ह नाही. वैद्याने रोग्याच्या घरच्यांना सांगावं तसा आवाज. मग विचारतो, हा सल्ला आहे, इशारा आहे की आरोप? वर्ग दरवर्षी तीन गटांत फुटतो आणि मी फुटू देतो. लेखकाच्या हेतूविषयी दोन शहाण्या माणसांचं मत वेगळं असू शकतं, फक्त दोघांनाही बोट कुठल्या शब्दावर आहे ते दाखवता आलं पाहिजे. हे मुलांनी एकदा पाहिलं की ‘सर, मग खरं उत्तर काय?’ हा प्रश्न हळूहळू कमी होतो. पूर्ण जात नाही. परीक्षा डोक्यावर असते.

आपल्या परंपरेला हे नवीन नाही. अभिधा, लक्षणा, व्यंजना या शब्दशक्ती आपण सगळे शिकलो. संस्कृत काव्यशास्त्रात व्यंजनेचं, म्हणजे न बोलता सुचवलेल्या अर्थाचं, जुनं उदाहरण आहे, ‘सूर्य मावळला’. एवढंच वाक्य. गुराख्याला त्याचा अर्थ गुरं घरी न्यायची वेळ झाली, संध्या करणाऱ्याला संध्येची, चोराला कामाला निघायची, प्रियकराची वाट बघणारीला आणखी काही. वाक्याचा अर्थ बोलणारा, ऐकणारा आणि प्रसंग यांच्यामध्ये तयार होतो, हे आपल्याकडे हजार वर्षांपूर्वी इतकं स्वच्छ मांडून ठेवलेलं आहे. आपण त्यातून फक्त तीन पारिभाषिक शब्द उचलले आणि मुलांकडून त्यांच्या व्याख्या पाठ करून घेतल्या. मी आता व्याख्या नंतर देतो. आधी ‘सूर्य मावळला’ हे आमच्या गावात कोण कुणाला म्हणेल ते विचारतो. ‘वायरमनला म्हणतील’, एक जण म्हणाला. रात्रीच्या थ्री-फेज विजेची वाट बघणाऱ्या घरातला मुलगा तो.

लेखकाचा हेतू म्हणजे माहिती देणे, मनोरंजन करणे, मन वळवणे, असे तीन कप्पे करून देणारी साहित्यंही आता शाळांत फिरतात. सुरुवातीला ठीक आहेत. पण कप्प्यात टाकून काम संपत नाही. पुष्कळ लेखन माहितीचा सदरा घालून मन वळवत असतं, आणि खरी पारख तिथेच लागते.

मागच्या वर्षी एका विद्यार्थ्याच्या आजोबांच्या फोनवर संदेश आला. मागचं बिल भरलेलं नसल्याने आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल, ताबडतोब या अधिकाऱ्याच्या मोबाइलवर संपर्क साधा. आजोबा घाबरले. नातवाने फोन हातात घेतला आणि शाळेत आल्यावर मला सांगितलं, ‘सर, त्यात ग्राहक क्रमांक नव्हता, बिल किती ते नव्हतं, कुणाचं नाव नव्हतं. घाई तेवढी होती.’ त्याने फोन केला नाही, करू दिला नाही. घाई तेवढी होती. लेखकाचा हेतू आणि सूर ओळखणे या प्रश्नाचं इतकं चोख उत्तर मी कुठल्याही उत्तरपत्रिकेत वाचलेलं नाही. या मुलांपैकी बरीच जण पुढे साहित्य वाचणार नाहीत. पण कर्जाची जाहिरात, नोकरीचं आमिष, सोसायटीची नोटीस, निवडणुकीचं पत्रक, ‘जास्तीत जास्त लोकांना पाठवा’ असं शेवटी लिहिलेला मजकूर, हे सगळं ती आयुष्यभर वाचतील. तिथे पेन्सिलीने रेघ मारून उत्तर सापडणार नाही.

एक सावधगिरीही बोलून ठेवतो. कवितेतला ‘मी’ म्हणजे कवी, कथेत बोलणारा म्हणजे लेखक, असं मुलं सहज धरतात, आणि ‘कवीला काय म्हणायचे आहे’ या आपल्या ठरलेल्या प्रश्नाने आपणच तशी सवय लावतो. जात्यावरच्या ओव्या घ्या. त्या कुणी रचल्या कुणाला माहीत नाही, कवीच नाही तर कवीचा हेतू कुठून विचारणार? पण सासरी दळणाऱ्या बाईचा सूर त्यांत इतका स्पष्ट असतो की मुली आपोआप आवाज खाली आणून वाचतात. म्हणून ‘कवीला’ऐवजी ‘या ओळींत बोलणारी व्यक्ती’ असं विचारलं तर बरं.

आता नेमकं मागणं. प्रश्न कसा असावा यावर मी वर्गात वर्षभर खटपट केली आहे, त्यावरून बोलतो. दहावीच्या अपठित गद्य उताऱ्याला 4 गुण आहेत. त्यातले 2 गुण दर वर्षी सुराच्या किंवा हेतूच्या प्रश्नासाठी ठेवावेत. प्रश्न असा : ‘उताऱ्यात बोलणाऱ्याचा सूर तुमच्या शब्दांत सांगा आणि ज्या शब्दावरून किंवा वाक्यरचनेवरून तो कळला ते लिहा.’ एक गुण सुराला, एक गुण पुराव्याला. नमुना उत्तरपत्रिकेत एकच उत्तर न देता मान्य होऊ शकणारी उत्तरं द्यावीत आणि स्पष्ट लिहावं की पुरावा उताऱ्यातला असेल आणि निष्कर्षाशी जुळत असेल तर वेगळं उत्तरही ग्राह्य धरावं. कवितेच्या मुद्द्यांत ‘संदेश’ राहायचा तर राहू दे, पण त्याला पर्याय म्हणून ‘कवितेचा सूर कुठे बदलतो’ हा मुद्दा द्यावा. ज्या कवितेला संदेश नाही तिच्यावर तो प्रश्न काढू नये. आणि उतारे निवडताना कधीतरी असा उतारा निवडावा ज्यात बोलणारा सरळ बोलत नाही.

आपल्यापुढच्या अडचणी मला ठाऊक आहेत. परीक्षकाकडे गठ्ठे असतात, वेळ मोजका असतो, गुणपडताळणीला उत्तरपत्रिका बाहेर गेली की प्रत्येक अर्ध्या गुणाचं कारण द्यावं लागतं. चौकटीतलं उत्तर तपासायला सोपं आणि वादाला जागा न ठेवणारं असतं. पण पुराव्याचा शब्द मागितला की तपासणं अवघड होत नाही, असा माझा अनुभव आहे. मुलाने लिहिलेला शब्द उताऱ्यात आहे की नाही हे एका नजरेत दिसतं, आणि तो निष्कर्षाशी जुळतो की नाही हे कुठल्याही मराठीच्या शिक्षकाला कळतं. वाद झालाच तर तो शब्दावर होईल. तसा वाद आपल्या नियामकांच्या बैठकीत झाला तर मला आनंदच वाटेल.

आणि परीक्षेत हे आलं नाही तर वर्गात येणार नाही. कितीही प्रामाणिक शिक्षक असला तरी जानेवारीनंतर तो कृतिपत्रिकेच्या आराखड्यामागेच धावतो, मीही धावतो. पालकांनाही तेच हवं असतं. म्हणून हे पत्र शिक्षण खात्याला न लिहिता आपल्याला लिहिलं. मुलांनी काय वाचावं हे पाठ्यपुस्तक ठरवतं, पण कसं वाचावं हे आपण काढलेला प्रश्न ठरवतो.

वर्षभरात मी वर्गात वापरलेले उतारे आणि त्यावरचे प्रश्न एका वहीत उतरवले आहेत. त्यात मुलांची उत्तरंही आहेत, चुकलेलीसुद्धा. आपल्यापैकी कुणी कृती तयार करणाऱ्या गटात असाल आणि ती पाहायची इच्छा असेल, तर झेरॉक्स काढून पाठवतो. रस्त्याचा उतारा पहिल्या पानावर आहे. त्याखाली ‘टोमणा’ लिहिणाऱ्या मुलाचं उत्तर चिकटवलं आहे. त्याला मी तेव्हा 2 पैकी 1 गुण दिला होता. दुसरा गुण नंतर, त्याने मधल्या सुट्टीत कारण सांगितल्यावर, लाल शाईने वाढवला आहे आणि खाली सही केली आहे.

आपला,
नाशिक जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेतला मराठीचा शिक्षक